चपटी गोळी

मी बीडमध्ये बातमीदार आहे. ऐकीव गोष्ट छापत नाही.

ही ऐकीव नाही. मी स्वतः तिथं होतो.

गेल्या चैत्रातली टळटळीत दुपार. तलवाड्याजवळ माझ्या मेहुण्याचं, त्रिंबकचं शेत. राक्षसभुवनची लढाई याच मुलखात झाली, म्हणून त्यानं धातू शोधायचं मशीन आणलं होतं.

"पाव्हणं, तोफ निघाली तर फोटू माझाच छापायचा!"

निघाली शिशाची एक गोळी. बोराएवढी. एका बाजूनं पार चपटी.

"आपटलेली आहे," मी म्हणालो. "दगडावर, नाहीतर हाडावर."

"पुरून टाका तिथंच," माझी बहीण मंगल म्हणाली. "कावून घरात आणता?"

त्रिंबक हसला. "आडीचशे वर्सं झाली. आता कुणाला लागती?"

ओसरीवर बसून त्यानं गोळी वाटीतल्या रिठ्याच्या पाण्यात घातली. जुन्या टूथब्रशनं घासू लागला. पांढरा थर सुटत गेला...

त्याचा हात थांबला.

गोळी गोल होती.

मी चाचपून पाहिली. चपटी बाजू कुठंच नव्हती. नुकती साच्यातून काढल्यासारखी. अजून कुणालाच न लागलेली.

त्रिंबकनं घाईनं ती वाटीत टाकली. टप् आवाज यायला हवा होता...

आला नाही.

वाटीत नुसतं गढूळ पाणी.

आम्ही ओसरी झाडून काढली. मंगलनं मशीन फिरवलं. जमीन गप्प. कोपरे गप्प. मशीन त्रिंबकच्या पाठीमागून गेलं...

आणि वाजलं.

सदरा काढला, करदोडा काढला. तरी वाजलं. उजव्या खांद्याच्या पात्यापाशी.

गेवराईत एक्स-रे काढला. काहीच नाही. जखम नाही, दुखणं नाही. डॉक्टर म्हणाले, मशीन बिघडलंय. दुसरं आणलं. तेही तिथंच वाजलं.

तेव्हापासून मंगल रोज सकाळी मशीन धरते. वाजेल तिथं काजळाचा ठिपका देते.

ठिपके डावीकडं सरकत चाललेत.

परवा गेलो, तर त्रिंबक भिंतीला पाठ घट्ट लावून बसलेला. जेवतानाही हलला नाही.

"जरा मोकळे बसा," मी म्हणालो.

"न्हाई. मागून येती ती."

मंगल मला अंगणात घेऊन आली. मशीन तिच्या हातातच होतं.

"दादा, बाहीरून यायची असती, तर भिंत पुरली असती."

आतून त्रिंबकची हाक आली.

"मंगल... आज कुठवर आली?"

तिनं स्वतःच्या छातीवर बोट टेकवून मला जागा दाखवली, डावीकडं, काळजापाशी.