चौदावा हात

दुपारची गिऱ्हाइकं आटोपली की टेलरमास्तर टेबलावरची कात्री बाजूला सारत आणि पत्ते काढत. ते आणि त्यांचे थोरले भाऊ, भिडू म्हणून तीस वर्षं हरले नव्हते. वर्षापूर्वी दादा गेले. त्यांचं शिलाई मशीन तेव्हापासून खोळीखालीच होतं. जाताना एवढंच म्हणाले होते, "माझ्या खुर्चीवर हरणारा बसवू नकोस."

मास्तरांनी बसवली सूनबाई. महिनाभर तिला शिकवलं.

"उतारी, म्हणजे हाताचं पहिलं पान, ज्या रंगाची, त्याच रंगाचं पान द्यायचं. रंग नसेल तर हुकमानं मारायचं. मोठं पान ज्याचं, हात त्याचा. बावन्न पानं, तेरा हात. म्हणून बरोबरी कधी होतच नाही."

"आणि मला पान द्यायचंच नसेल तर, बाबा?"

"ते चालत नाही, पोरी. उतारी झाली की पान टाकावंच लागतं."

आज पहिला खरा डाव होता. समोर न्हावीकाका आणि कंपाउंडर.

"सूनबाई, ही काजं-बटणं नव्हेत हं," न्हावीकाकांनी डिवचलं.

ती गालातल्या गालात हसली आणि पहिले तीन हात सलग ओढले. पोरीला गेलेलं पान न् पान आठवत होतं. मास्तरांची छाती फुगली. डाव सहा-सहावर आला. शेवटच्या हाताला तिनं हुकमाची दश्शी टाकली, आणि न्हावीकाकांकडे निघाला हुकमाचा गुलाम.

तीस वर्षांचा मान गेला. मास्तरांना खोळीकडे बघायचा धीर होईना.

"आमचे सात," कंपाउंडर म्हणाला.

मास्तरांनी आपले हात मोजले. पुन्हा मोजले.

"आमचेही... सात."

मास्तरांच्या सातव्या हाताच्या चारही पानांच्या पाठीवर निळ्या खडूचे अंगठे उमटले होते. कापडावर खुणा करायला निळा खडू फक्त दादा वापरत. ते गेल्यापासून दुकानात पांढराच येई.

"दादानं हरू दिलं नाही..." मास्तर पुटपुटले.

सूनबाई उठली. मान ताठ होती. ती चार पानं तिनं नेऊन खोळीवर ठेवली.

"मोठे बाबा, आम्ही हरलो. न जिंकलेला हात मी घेणार नाही. जिंकेन तेव्हा माझ्या पानांवर जिंकेन."

मास्तरांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत एवढा अभिमान त्यांना कधी वाटला नव्हता. उरलेली पानं गोळा करून त्यांनी मोजली. बावन्न भरली. खोळीवरची चार सोडून.

सकाळी दुकान उघडलं तेव्हा सूनबाई त्यांच्या मागेच उभी होती.

खोळीवर तीन पानं होती. चौथं टेबलावर, बरोबर तिच्या खुर्चीसमोर, उताणं पडलं होतं. बदामची राणी.

"बाबा..." ती हळूच म्हणाली, "उतारी झालीय."