प्रत्येक पाण्याला सात!

“बोल! मोठ्यानं बोल! मी नाटकी आहे!”

सरांची शिट्टी वाजली. सगळे ज्याला बेडूक म्हणत, तो बाकावर उभा केलेला पोरगा नाक ओढत म्हणाला, “मी... नाटकी आहे.”

“अजून दोनदा!”

सुट्टीतल्या पोहण्याच्या शिबिराची तीस पोरं खो खो हसली आणि टाळ्या पिटू लागली. काडीनंही पिटल्या. बेडूक तिचा सख्खा मावसभाऊ, अवघा नऊ वर्षांचा, सुट्टीत मावशीबरोबर तिच्याकडे राहायला आलेला. दहा दिवस तो डोळे चोळत रडत होता, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण काडीला शर्यतीच्या संघात जागा हवी होती, आणि सरांच्या मर्जीतून उतरलेल्याला संघात जागा नसे. म्हणून तिनं टाळ्या वाजवल्या, त्याही चांगल्या जोरात.

“डोळे जळतात म्हणे!” सरांनी खिशातून पेनाएवढं पीएच मीटर काढून तलावात बुडवलं. “सात! म्हणजे पाणी ना आंबट, ना साबणी. एकदम उत्तम! यंत्र खोटं बोलतं का? मग खोटं कोण बोलतंय?”

“बेडूक!” पोरं ओरडली.

“उद्या शेवटचा दिवस, पालक येतील. त्यांच्यासमोर हा पोहण्याच्या चष्म्याशिवाय वीस फेऱ्या मारेल. डोळे उघडे ठेवून! मिटले की पुन्हा पहिल्यापासून!”

सगळे कपडे बदलायला पांगले, तेव्हा वकील काडीजवळ आला. तो तिच्या वर्गातला. प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा, म्हणून त्याला हे नाव पडलं होतं.

“टाळ्या छान वाजवतेस हं!” तो कुजकटपणे म्हणाला. “आता इकडे ये आणि फरशीच्या सांध्यात नख घाल.”

काडीनं नख घातलं. दोन फरश्यांमधलं सिमेंट भुगा होऊन बोटावर आलं! “अगंबाई! हे कशानं झालं?”

“उत्तम पाण्यानं!” वकील म्हणाला. “चल, पंपाच्या खोलीत.”

तिथे पाणीवाले काका आम्लाचा डबा उचलत होते. पाण्यात औषधं घालायचं काम त्यांचं. दोघांचं बोलणं ऐकून ते कावरेबावरे झाले.

“मी काय करू, पोरांनो? जंतू मारायची पावडर टाकली की पाणी साबणी होतं, आकडा चढतो, म्हणून तो उतरवायला रोज थोडं आम्ल घालायचं. सातच्या खाली गेलं की थांबायचं. पण आकडा कधी खाली जातच नाही!”

“मीटर तपासतं कोण?” वकिलानं विचारलं.

“सरच की.” काकांनी कपाट उघडलं. आत तीन बाटल्या होत्या. लाल औषधाची चार नंबरची, पिवळी सातची आणि निळी दहाची. “या पाण्यांचा आकडा आधीच ठरलेला असतो. त्यात बुडवून मीटर जुळवायचं. सर सातच्या बाटलीत बुडवतात, सात दाखवतं, काम झालं.”

“आणि बाकीच्या दोन?” काडी म्हणाली. “यांची सीलं तर तशीच आहेत!”

“सर म्हणतात, तपासणीला कोरी बाटली दिसली पाहिजे. मीटर गेल्या महिन्यात त्यांच्याच हातून पडलं. पण पडद्यावर आकडा आहे ना, म्हणाले, मग धडधाकट आहे!”

सर मीटर टेबलावरच ठेवून गेले होते. काडीनं कटकन सील फोडलं. चारच्या बाटलीत मीटर सात म्हणालं. धुऊन दहाच्या बाटलीत घातलं, तरी सातच! टोकाच्या काचेला केसाएवढी चीर होती.

“होयबा!” वकील ओरडला. “याला काहीही विचारा, हे सातच म्हणणार!”

म्हणजे रोज आम्ल पडून पाणी आंबटढाण झालं होतं! त्या आंबट पाण्यात उद्या बेडूक उघड्या डोळ्यांनी वीस फेऱ्या मारणार होता.

ती धावत मावशीकडे गेली. मावशीनं ऐकून घेतलं आणि हात झटकले. “झालं! आता तूही त्याला सामील? सर काय मूर्ख आहेत? मार खाईल तेव्हाच सुधारेल तो!”

दुसऱ्या दिवशी सगळे पालक तलावाकाठी बसले. बेडूक काठावर थरथरत उभा होता. त्याचे डोळे सुजून बारीक झाले होते, आणि ते पाहून पुढच्या रांगेतली पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. सरांनी ऐटीत मीटर बुडवून सात आकडा सगळ्यांना दाखवला.

“सर, आमचंही पाणी मोजा ना!” काडीनं तांब्यातून दोन पेले भरले. “तलावाचं चांगलं की आमच्या घरचं?”

सर खूष झाले. त्यांनी एका पेल्यात मीटर घातलं. “सात! पालकहो, हेही अगदी शुद्ध पाणी आहे!”

“यंत्र खोटं बोलत नाही ना, सर?” वकिलानं विचारलं.

“कधीच नाही!”

“मग हा दुसरा पेला घ्या.”

सरांनी मोठा घोट घेतला. त्या तांब्यात काडीनं सहा चमचे लिंबूसत्त्व विरघळवलं होतं! सरांचे डोळे गच्च मिटले, तोंड वाकडं झालं, घोट नाकातून बाहेर आला.

“डोळे उघडे ठेवा, सर!” काडी ओरडली. “मिटले की पुन्हा पहिल्यापासून!”

सगळी पोरं फिदीफिदी हसली. काल ती बेडकाला हसली होती, आज सरांना हसत होती. सर ठसकत बाकाला धरून वाकले तरी कुणी पाणी दिलं नाही. काडीला त्याचा भारी आनंद झाला.

मग वकिलानं चारच्या आणि दहाच्या बाटलीत मीटर बुडवून तोच सात आकडा दाखवला. पालकांत एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बेडकाच्या पापण्या उघडून पाहिल्या आणि त्या एकदम गंभीर झाल्या. “वीस फेऱ्या मारल्या असत्या, तर या मुलाच्या डोळ्यांचं मी काही सांगू शकले नसते. आता पंधरा दिवस औषध आणि अंधारी खोली.”

शिबिर भरवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांनी सरांची शिट्टी काढून घेतली, तलाव रिकामा करायला सांगितला आणि काडी-वकिलाची पाठ थोपटली. “शाब्बास! केवढी तीक्ष्ण नजर! संघात पहिली जागा तुझी, पोरी!”

मावशीनं डोळे पुसत बेडकाला पुढे ढकललं. “ताईला थँक्यू म्हण, राजा. तिच्यामुळे कळलं आम्हाला.”

बेडूक जागचा हलला नाही.

“मी दहा दिवस सांगत होतो,” तो म्हणाला. “तुम्ही सगळे त्या यंत्रालाच विचारत होतात. मी तर ताईच्याच खोलीत झोपायचो.”

काडीला स्वतःची अतोनात लाज वाटली. ती त्याचा हात धरायला पुढे झाली, पण त्यानं तो काढून घेतला आणि चाचपडत एकटाच दाराकडे निघाला.