ल्युटेशियम कुठे गेलं?

रुग्णालयाच्या तळघरात तिचा शब्द शेवटचा असे. औषध डॉक्टर देत, पण किरणं मोजायची ती. मोजणीयंत्र हातात असलं की ती कोणाच्या बापाला भीत नसे.

आज आतल्या खोलीत तिचे मामा होते. आई गेल्यावर त्यांनीच तिला वाढवलेलं. आता त्यांच्या पाठीच्या कण्यात गाठी होत्या. सकाळी शिरेतून ल्युटेशियम सोडलं होतं. हा दुर्मिळ धातू औषधाला जोडून दिला की गाठींना जाऊन चिकटतो आणि दिवसेंदिवस त्यांना आतून जाळत राहतो. चिकटला तर मामा वाचणार होते. दुसरा उपाय उरलाच नव्हता.

दहा वाजता तिने समोरचीच किरणं पकडणारं ते यंत्र एक मीटरवरून रोखलं. पंचवीस. हवं तेवढंच.

"मी आता अंधारात चमकणार का गं?" मामांनी विचारलं.

"पडून राहा गप. विजेचं बिल काही तुझ्याने वाचायचं नाही."

बारा वाजता आकडा आला दोन.

थोडं औषध लघवीवाटे जातंच, पण एवढं? तिने शौचालयाची टाकी तपासली, चादर तपासली, कचऱ्याची पिशवी उलटीपालटी केली. कुठे काही नाही. पण वस्तू हवेत विरून जात नसते, कुठेतरी सापडतेच, यावर ती ठाम होती.

खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीपाशी यंत्र कडकडलं.

सांडलं असणार. तिने खुर्चीवर ओला बोळा फिरवून तो तपासला. स्वच्छ. मग ती एक मीटर मागे सरकली आणि यंत्र बसलेल्या माणसाच्या पाठीच्या उंचीवर धरलं.

तेवीस.

"मामा, इथे कोणी बसलं होतं?"

"होतं म्हणजे? अजून बसलेत की," मामा सहज म्हणाले. "तुमच्याकडचेच ना? कुठे दुखतं विचारत होते. मी दाखवलं. तेव्हापासून पाठ कशी हलकी झालीय."

ती पुन्हा यंत्रावर वाकली.

दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनमध्ये एकही गाठ नव्हती. डॉक्टरांनी रुग्णाचं नाव तीनदा पडताळून पाहिलं. ती आधी हसली, मग भिंतीकडे तोंड करून रडली. खुर्ची मोजली, आकडा शून्य. काहीतरी कारण असेल, सापडेल.

बारा वाजता मामा काठीशिवाय उभे राहिले.

"त्यांचे आभार मानायचे राहिले गं. काल तू खुर्ची मोजत होतीस ना, तेव्हा विचारलं त्यांनी, तुमचं जवळचं कोण म्हणून. मी तुझ्याकडे बोट दाखवलं. लगेच उठले."

मामा घरी गेले.

तिने यंत्र टेबलावर ठेवलं. एक मीटर मोजलं, त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

मान वळवून आकडा वाचला.

एकवीस.

कालचे तेवीस, आजचे एकवीस. ल्युटेशियम दिवसाला एवढंच ओसरतं. यंत्र बरोबर होतं.