थरथरणारे हात

रविवारी दुपारी ताईचं शिवणाचं दुकान बंद असायचं आणि कापड बेतायच्या लांब टेबलावर पोकर रंगायचा. पैशांवर नाही, बटणांवर. हरणाऱ्याने सगळ्यांचे चहाचे कप विसळायचे, एवढीच शिक्षा. त्या दिवशी मामा उशिरा आला आणि आला तो एका अनोळखी तरुणाचा दंड धरूनच.

"लिफ्टमध्ये अडकलो होतो," मामा म्हणाला. "यानं मला सोडवलं. आता मी याला सोडत नाही!"

लिफ्ट दुरुस्त करणारा तो तरुण हसला, मागच्या नळावर हात धुऊन आला आणि रिकाम्या खुर्चीत बसला. ती खुर्ची नेमकी ताईच्या धाकट्या बहिणीसमोर होती.

ही धाकटी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. घरात तिला सगळे 'एक्स-रे' म्हणत आणि ते काही उगाच नाही. चांगले पत्ते आले की भावोजी आधी आपल्या बटणांकडे चोरून बघत आणि मग एकदम छताकडे. ताई थाप मारताना समोरच्याच्या डोळ्यांत रोखून बघे. मामा तर हलक्या पत्त्यांवर इतक्या घाईने बटणं सारायचा, जणू त्याची गाडी सुटत होती. एक्स-रेला हे सगळं तोंडपाठ होतं. समोरच्याच्या पोटात काय आहे ते कळल्याशिवाय ती आपलं एक बटण हलवत नसे. तिने कधी कप विसळल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

थोड्या वेळाने लिफ्टवाल्याने बटणांचा ढीग पुढे सरकवला... आणि त्याची बोटं चक्क थरथरली. एक बटण घरंगळत टेबलाखाली गेलं.

"घाबरलाय बिचारा," मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटला आणि त्याने खुशाल आपली बटणं लावली. ताई आणि भावोजीही मागे हटले नाहीत. एक्स-रेने मात्र पत्ते मुकाट्याने टाकून दिले.

लिफ्टवाल्याकडे तीन राजे निघाले.

मामा कप विसळायला गेला, तशी लिफ्टवाल्याने एक्स-रेला दाराशी गाठलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"थाप मारणारा माणूस लाकडासारखा बसतो. श्वाससुद्धा जपून घेतो. हात थरथरतात ते ज्याच्याकडे खरंच काहीतरी असतं त्याचे. आनंद मावत नाही ना आत!"

"म्हणजे माझे हात चुगलखोर आहेत."

"भयंकर."

"मग शिकवा ना त्यांना गप्प बसायला..."

हे तो म्हणाला हसत, पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चष्म्याच्या दुकानात हजर झाला. मग येतच राहिला. त्याचे डोळे ठणठणीत होते. दुकानाच्या मालकीणबाईंनी ते पहिल्याच दिवशी ओळखलं आणि त्याच्यासाठी काउंटरशी एक स्टूल सरकवलं. काचेच्या काउंटरवर फ्रेमांच्या मधोमध शिकवणी चालायची. बटणं दर वेळी एकाच चालीने ठेवायची. पत्ते कसेही असोत, तेवढाच वेळ घ्यायचा. "आणि उत्तर झटकन देऊ नका," ती सांगायची. "झटकन आलेलं उत्तर आधीच ठरवून आणलेलं असतं. विचार करणारा थांबतो." त्याची बोटं सरळ करताना तिचीच बोटं जरा जास्त रेंगाळत... 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

विद्यार्थी हुशार निघाला. पावसाळा संपेपर्यंत त्याचे हात दगडासारखे स्थिर झाले. मामा हैराण झाला आणि एक्स-रेला आधी फार कौतुक वाटलं. मग एका रविवारी पत्ते वाटून झाल्यावर तो म्हणाला, "कंपनी मला दुसऱ्या शहरात पाठवतेय. दोन वर्षं. उद्या कळवायचंय." आणि तिच्याकडे वळून, "जाऊ का?"

"जा की!"

"फार झटकन आलं."

"काय?"

"उत्तर. तूच शिकवलंयस... थांब. विचार करून सांग."

तिने त्याचे डोळे बघितले, हात बघितले, श्वाससुद्धा बघितला. काही म्हणजे काही दिसेना. त्याला जायचंय? की तिने अडवावं असं वाटतंय? आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, हे तिला तेव्हा कळलं आणि तिला रडूच यायला लागलं. खात्री होईपर्यंत थांबायचं म्हटलं, तर उद्या तो कंपनीला होकार कळवून टाकणार होता.

तिने हातातले पत्ते खाली ठेवले.

"नको जाऊस," ती म्हणाली. "तू मला आवडतोस. खूप. तुझ्या मनात काय आहे ते मला कळत नाहीये... तरी सांगतेय."

भावोजींनी एकदम छताकडे बघितलं.

समोरची बटणं नीट लावावीत म्हणून लिफ्टवाल्याने हात पुढे केला आणि तो हात असा थरथरला, की अख्खा ढीग कोसळून बटणं शिलाई मशीनखाली पळाली.

"घाबरलाय बिचारा," मामा म्हणाला.

"नाही मामा." तिने तो थरथरणारा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "हा मुळीच घाबरलेला नाही."

"लिफ्ट काय... इथेही बंद पडतातच," लिफ्टवाला कसाबसा म्हणाला.

त्या रविवारी कप एक्स-रेने विसळले. लिफ्टवाला शेजारी उभा राहून पुसत होता. त्यातले दोन फुटले, तर ताईने हसत हसत केरसुणी आणली.