मागच्या सीटवरचे दाजी

डोंगर उतरायचा, भाड्याची फटफटी जिच्याकडून घेतली त्या बाईच्या दुकानात टेकवायची, तिच्याकडे ठेवलेले दोघांचे पासपोर्ट घ्यायचे आणि संध्याकाळची बस धरायची. एवढंच काम उरलं होतं. पाठीवर बोचकं बांधून परमुलखात डोंगर बघत हिंडणं ही मुळात रिकामटेकड्यांची हौस. पण मेहुण्याला ती होती, आणि त्याचे दाजी 'एकटा पोरगा काय दिवे लावणार' म्हणत बरोबर निघाले होते. निघताना ताईनं धाकट्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हट्टी माणूस आहे. तुझ्या भरवशावर पाठवतेय. नीट परत आणून दे."

सगळी वाट मेहुणा गाडी चालवायचा आणि मागे बसलेले दाजी गाडीपेक्षा जास्त आवाज करायचे. हॉर्न दे. आता कशाला दिलास. खड्डा दिसत नाही, डोळे काय उसने आणलेत? उतार लागला की पाठीत बुक्की.

"इंजिन बंद कर. गाडी आपसूक खाली जातेय, पेट्रोल कशाला जाळतोस? सासऱ्याचा पंप आहे तुझ्या?"

"मला सासरा कुठाय अजून?"

"ही जीभ अशीच चालवलीस तर मिळणारही नाही."

मेहुणा इंजिन बंद करायचा, गाडी न्यूट्रलला टाकायचा, आणि दोघं बिनआवाजाचे घाट उतरायचे. बिनआवाजाचे म्हणजे गाडीच्या. दाजी चालूच.

खिंडीच्या माथ्यावर एका म्हातारीची पत्र्याची टपरी होती. दुपार होती, पण धुकं असं उतरलं होतं की स्वतःचं पुढचं चाक दिसलं तर नशीब. दोघांनी चहा घेतला. दाजी म्हणाले, "मी जरा मागे जाऊन येतो. गाडी सुरू करून ठेव. आणि झोपू नकोस."

मेहुणा गाडीवर बसून राहिला. धुक्याला वास होता. ओल्या दगडाचा, आणि वर्षानुवर्षं पेटीत पडलेल्या कपड्यांचा. थोड्या वेळानं मागचं स्प्रिंग कुरकुरलं. गाडी खाली दबली. खांद्यावर दोनदा थाप पडली. ही दाजींची खूण. चल.

तो निघाला.

दोन-चार वळणं गेली, तरी मागून अक्षर नाही. देव पावला, असं त्याला वाटलं. इतक्या दिवसांत कानांना पहिल्यांदा विसावा मिळत होता. उतार लागला तरी बुक्की पडली नाही. सवयीनं त्यानं आपणच इंजिन बंद केलं. मग नुसती टायरांची सळसळ, आणि चहूकडे ते पांढरं. त्या शांततेत खिशातला फोन वाजला.

थांबायला जागा नव्हती. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला काहीच नाही. आपल्याकडे करतात तसा त्यानं फोन हेल्मेटमध्ये गालाशी कोंबला.

"गाढवा," फोनवर दाजी म्हणाले, "मला टाकून कुठं उलथलास?"

मेहुण्यानं फोन गालाशी आणखी दाबला. "कोण?"

"कोण म्हणजे? तुझ्या बहिणीचा नवरा. टपरीपाशी उभा आहे. म्हातारीला माझं कळत नाही, मला तिचं. अंगात नुसता रेनकोट, दात वाजतायत. फिर मागे."

मेहुण्यानं आरशात बघितलं. आरशावर धुकं बसलं होतं. त्यात निळ्या रेनकोटचा खांदा दिसत होता. दाजींच्याच रेनकोटचा.

"दाजी... तुम्ही तर..."

"तुम्ही-आम्ही नंतर. आधी ये. इथं मला... बरं वाटत नाही इथं."

तेवढ्यात गारठ्यानं फोननं मान टाकली.

"कोण होतं?" मागून, अगदी कानाशी विचारणा झाली. आवाज दाजींचाच. पण हळू.

"ताई."

"खोटं बोलू नये. माझा फोन टपरीवर राहिला. कुणीतरी चेष्टा करतंय... थांबू नकोस."

कसं मऊ बोलला. स्वतःच्या लग्नातही वऱ्हाडावर खेकसलेला माणूस तो, असा मऊ कधी बोलला होता? आणि परमुलखातल्या डोंगराच्या टाळूवर मराठीत गाढव म्हणणारा चेष्टेखोर कुठून यायचा? मेहुणा काही खुळा नव्हता. त्याला कळलं. कळूनही तो थांबला नाही. परत जायचं तर गाडी वळवायला हवी, वळवायची तर मागच्याला उतरवायला हवं, आणि तो उतरला की त्याच्या तोंडाकडे बघायला हवं. खांद्यावरचे हात सावकाश कमरेवर आले. दोन थरांतूनही गार लागत होते. मेहुण्यानं इंजिन सुरू केलं. जळू दे पेट्रोल. निदान मागचा श्वास तरी ऐकू यायला नको. तसा तो येत नव्हताच.

दुकानापाशी उजेड होता, टायरांची चळत होती, रबराचा आणि ऑइलचा ओळखीचा वास होता. मागचा उतरला. मेहुण्यानं जीव मुठीत धरून मान वळवली. दाजीच होते. तीच मिशी, गालावरचा तोच मस. मेहुण्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

दुकानदार बाईनं गाडीला फेरी मारली, टायर दाबून बघितला, पासपोर्ट काढून दिले. मेहुण्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, वरच्या टपरीला फोन लागेल का, एक मोबाइल राहिलाय. टपरीवाली तिची मावशीच निघाली. बाई बराच वेळ बोलली.

"मोबाइल नाही म्हणते," बाई म्हणाली. "एक माणूस होता. निळ्या रेनकोटातला. जोडीदाराची फार वाट बघितली. रडत होता. आता चालत निघालाय खाली..."

बोलता बोलता तिची नजर दाजींच्या रेनकोटवर गेली. ती दोन पावलं मागे सरकली. आत गेली आणि शटर खाली ओढलं.

दाजींनी दोघांचीही बोचकी उचलली. जन्मात दुसऱ्याचं ओझं न उचललेला माणूस. "चल बाळा," म्हणाले, "बस सुटेल."

अजूनही थांबता आलं असतं. रस्त्याच्या कडेला बसून वाट बघता आली असती. पण ताईला काय सांगणार? खरं सांगायचं तर मी त्यांना टाकून आलो, हेही सांगावं लागणार. त्यापेक्षा हे बरं. चेहरा तोच, पासपोर्ट तोच. माणूस भ्याला की असाच हिशेब घालतो. मेहुणा बसमध्ये चढला. बस सुटेपर्यंत दाजी खिडकीतून डोंगराच्या रस्त्याकडे टक लावून होते. मेहुण्यानं तिकडं एकदाही बघितलं नाही.

घरी ताई हरखून गेली. "काय जादू केलीस रे? आवाज चढवत नाहीत, खर्चाला टोकत नाहीत. माणूस सोन्यासारखा झाला."

"हवा मानवली," मेहुणा म्हणाला. त्या घरी जाणं मात्र त्यानं टाळलं.

मग पावसाळा सरल्यावर एकदा तिचा फोन आला.

"एक विचारू? हे रोज दिवेलागणीला दाराला कान लावून बसतात. काय ऐकताय म्हटलं, तर म्हणायचे, अजून लांब आहे."

त्या डोंगराच्या आणि आपल्या मध्ये अख्खा समुद्र आहे, असं मेहुण्यानं मनाला बजावलं.

"दोन दिवस झाले, ते तेवढंही बोलत नाहीत," ताई म्हणाली. "आज सुताराला बोलावून दाराला आतून आणखी एक कडी मारून घेतली. आणि मला म्हणाले... तुझ्या भावालाही सांग, मारून घे म्हणावं."