चिमट्याखालचा दोरा

रुग्णवाहिकेचा रेडिओ बंद करा रे पोरांनो, मग सांगतो. टायरच्या दुकानातला दोब्रिन तुम्हाला माहीत आहे. त्याच्याच बाबतीत घडलेलं आहे हे. याच इस्पितळात, एक मार्चच्या रात्री. डॅन्यूब नदीवरून धुकं पार या फाटकापर्यंत आलं होतं.

आईने पाठवलं म्हणून तो थोरल्या भावाच्या चपला न्यायला आला होता. क्रासेन इथे तातडीच्या विभागात नर्स होता. जानेवारीत ड्युटीवरून घरी जाताना बर्फावर गाडी घसरली आणि तो गेला. छाती धरून 'मेलो, मेलो' करत येणारी माणसं त्याच्याकडेच सोपवायचे. आधी हृदयाचा आलेख काढायचा. तो ठीक निघाला तरी 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं तो कधी म्हणायचा नाही. हात धरून बसायचा. “भीती खरी आहे, पण ती उतरते. श्वास सोडा... हळू. घाई कोणाला आहे?”

चपला देताना वेनेता सिस्टर बोलून गेली, “परवा एक आजोबा विचारत होते, तो चौकड्यांच्या चपलांचा नर्स कुठंय? रात्रभर त्याने हात धरला म्हणे. असं सांगणारे तिघंचौघं झाले, दोब्रिन.”

त्याच चपला दोब्रिनच्या हातात होत्या.

दुसरा कोणी घाबरला असता. हा पेटला. घरी आई रात्र रात्र जागते, हा उशीत तोंड खुपसून हाका मारतो, तिथे दादा येत नाही. आणि परक्या म्हाताऱ्यांपाशी बसतो?

त्याने तिथेच छाती धरली. “सिस्टर... श्वास येत नाही!”

वेनेताने त्याला खाटेवर घेतलं. मनगटांना यंत्राचे चिमटे लावताना ती थबकली. एक मार्च म्हणजे वसंताचा सण, वर्षभराच्या आरोग्यासाठी दोरा बांधायचा दिवस; आपल्याकडे कोणाचं मनगट रिकामं असतं?

“लाल-पांढरा दोरा नाही बांधलास?”

“घरात मरण झालंय, लाल कोण बांधणार? आणि मला दादाच बांधायचा.”

क्रासेन गाठ आतल्या बाजूला मारायचा. बरोबर नाडीवर.

“हृदय घोड्यासारखं आहे तुझं,” आलेख बघून ती म्हणाली. “पडून राहा. यंत्र चालू राहू दे.” दिवा मंद करून ती गेली.

दोब्रिन वाट पाहत राहिला. कोणी आलं नाही.

पडद्यापलीकडे एक कॉलेजातली मुलगी धापा टाकत होती. हळूहळू धाप उतरली. “हो... सोडते... हळू,” ती कोणाला तरी म्हणाली. “थांबा ना अजून.”

दोब्रिनने तारा ताणून पडदा ओढला.

मुलगी एकटीच होती. हात खाटेबाहेर, बोटं मुडपलेली. जणू कोणाच्या तरी बोटांत.

“माझा भाऊ आहे तो!” तो ओरडला. “माझा! तुझा कोण लागतो?”

“तुम्ही दोब्रिन का?” ती म्हणाली. “ते म्हणाले, धाकटा नाटकी आहे. शाळा बुडवायलाही असंच पोट धरायचा. खरं दुखेल तेव्हा जाईन.”

ही खोटी पोटदुखी क्रासेनखेरीज कोणालाच माहीत नव्हती. आईलासुद्धा नाही.

दोब्रिनने उत्तर द्यायला तोंड उघडलं. श्वास आत गेला नाही.

खरंच गेला नाही.

छातीवर धोंडा. बोटं वाकडी झाली. दिवा लांब लांब गेला... हाक मारायची होती. आवाज नव्हता.

मुलीने मूठ उघडली. “जा,” ती रिकाम्या जागेला म्हणाली.

मग मनगटावर गार बोटं...



सोड... हळू...

वेनेता आली तेव्हा तो रडत होता. पण श्वास घेत होता. तिने यंत्र बघितलं. रेघ मधे एकदाही तुटली नव्हती. म्हणजे चिमटा निघालाच नव्हता. मग तिने तो स्वतःच्या हाताने काढला.

खाली लाल-पांढरा दोरा होता. गाठ आतल्या बाजूला.