हाडाची सुई

“हे भट्टीत घालायचं नाही हं, ताई. पिझ्झा बाहेर आला की मग वर पसरायचं. त्याच्या उबेनं आपोआप मऊ पडतं.”

मांसाच्या दुकानातल्या तरुणानं बजावलेलं हे मला नेमकं आठवलं ते पिझ्झा ओव्हनमधून बाहेर काढताना. तोवर खारवलेल्या मांसाच्या त्या गुलाबी, रेशमासारख्या चकत्यांचं चामडं झालं होतं. पाय मोडून घरी बसलेल्या दादानं हट्टानं पिझ्झा करायला लावला होता. त्यानं एक तुकडा चावला, चावला, चावतच राहिला.

“काय गं, माझं प्लास्टर घातलंस का यात?”

मी स्वतः मांस खात नाही. आणि दिवसभरात एकही खोटं बोलायचं नाही, हा माझा दुसरा नेम. कुणी विचारलं नाही तर गप्प बसता येतं. पण दुसऱ्या दिवशी दुकानात त्या तरुणानं विचारलंच.

“कसा झाला होता पिझ्झा?”

“चप्पल झाली होती,” मी हळूच म्हणाले. “तुम्ही सांगितलं होतं… मी विसरले.”

तो हसला. हसताना त्याची मान जराशी एका बाजूला कलते. मग त्यानं डुकराची नवी तंगडी पुढे ओढली. मीठ चोळून, वाळवून, चौदा महिने तळघरात टांगलेली. लांब पात्याची सुरी तिच्यावरून अशी फिरली, जणू तो तिची समजूत काढत होता. एक चकती उचलून त्यानं दिव्यासमोर धरली, आणि पलीकडची दरांची पाटी मला तिच्यातून वाचता आली!

“रविवारी मीच येऊन दाखवतो. चालेल ना, ता—” तो अडखळला. कान लाल झाले. “चालेल ना?”

घरी वहिनीला एवढं पुरलं. “अर्धी ताई गिळली? मग तुझे पातळराव कामातून गेले!” त्या पातळ चकत्यांवरून तेव्हापासून आमच्या घरात तो पातळरावच.

रविवारी तो आला. मी पीठ आदल्या दिवशीच मळून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. त्यानं गोळ्यावर बोट दाबलं, खळगा हळूहळू भरून आला, आणि त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला उगीचच पदक मिळाल्यासारखं वाटलं.

“लाटणं देऊ?”

“नको. लाटणं लावलं की आतली हवा रुसून निघून जाते.”

बोटांच्या टोकांनी तो मधून कडेकडे पीठ सरकवत गेला. कड जाड राहू दिली. टोमॅटो मुठीत चिरडले, त्यात फक्त मीठ. चीज हातानं तोडून टाकलं. ओव्हनमध्ये लोखंडी तवा पालथा घालून अर्धा तास तापत ठेवला होता. कशाचीही घाई नाही. पिठाशी एवढ्या मायेनं वागणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता.

“तुम्ही पिठाकडे बघताय, की—”

“तुमच्या हातांकडे.”

खोटं न बोलण्याची ही एक पंचाईत असते.

पिझ्झा तव्यावर गेला तेव्हा माझ्या सायंप्रार्थनेची वेळ झाली होती. मी आतल्या खोलीत जाऊन बसले. अर्ध्यावर आले असेन, आणि जळका वास आला. त्याचं लक्ष असेल, मी मनात म्हटलं. वास वाढला. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच मी प्रार्थना सोडून उठले.

तो ओव्हनच्या अगदी जवळ, त्याच्याकडे पाठ करून उभा होता. शांतपणे चकत्या सुट्या करत… गालातल्या गालात हसत. मागे धूर निघत होता.

मी ओव्हन बंद केला. “तुम्हाला वास नाही आला?”

त्यानं हातातली चकती खाली ठेवली.

“दोन महिन्यांपूर्वी ताप आला होता,” तो खाली बघत म्हणाला. “ताप गेला… जाताना वास घेऊन गेला.”

“कुणाला माहीत आहे?”

“आता तुम्हाला.”

मग त्यानं सगळं सांगितलं. उद्या त्याचे वडील तळघराची किल्ली त्याच्या हाती देणार होते, परीक्षा घेऊन. तंगडीत हाडाची बारीक सुई खुपसायची, बाहेर काढायची, हुंगायची. मुरलेली कोणती, कच्ची कोणती, आतून बिघडलेली कोणती, हे फक्त नाकाला कळतं. ज्याला नाक नाही त्यानं तळघरात पाय ठेवायचा नाही, हा वडिलांचा कायदा.

“तुम्ही शेजारी उभ्या राहिलात… नुसती पापणी हलवलीत, तरी—”

“नाही.”

माझा आवाज मलाच मोठा वाटला.

“वडिलांसमोर पापणीनं खोटं बोलायचं? आणि उद्या बिघडलेली तंगडी कुणाच्या ताटात गेली तर?”

त्यानं मान खाली घातली. ते मला बघवेना.

“आज त्यांना सगळं सांगा. मग मी येते, उघडपणे. वास मी घेईन, सुरी तुमची.”

“तुम्ही तर खात नाही!”

“नेम जिभेचा आहे, नाकाचा नाही.”

“किती दिवस याल?”

“तुम्ही नको म्हणेपर्यंत…”

“मग अवघड आहे. मी म्हणणारच नाही.” त्यानं श्वास घेतला. “ते पहिल्या दिवशीचं ‘ताई’… परत घेतो. तू घेऊ देशील?”

“मला ते तेव्हाही नको होतं.”

दुसरा पिझ्झा आम्ही दोघांनी मिळून केला. कडेवर काळे-सोनेरी फोड आले. त्यानं गरम पिझ्झ्यावर चकत्या अंथरल्या, आणि त्यांची पांढरी किनार बघता बघता काचेसारखी झाली. दादानं न बोलता तीन तुकडे संपवले. आमच्या घरात हा चमत्कारच.

“तुला वासाशिवाय यातलं काय कळतं?” मी त्याला विचारलं.

“खारट कळतं. गरम कळतं. आणि तू समोर बसली आहेस, ते फारच कळतं.”

“पातळराव,” बाहेरून वहिनी, “चीज ताणलं जातंय म्हणून तुम्ही किती ताणणार?”

रात्री आठच्या सुमाराला घरून त्याचा फोन आला.

“वडील रागावले?”

“नाही. म्हणाले, दोन महिने मला कळलं नाही, म्हणजे नाक माझंच गेलं. किल्ली अजून त्यांच्याकडेच आहे. उद्या सकाळी सहाला तुला बोलावलंय. तीन तंगड्या, त्यातली एक कच्ची. तू ओळखलीस तर किल्ली दोघांना मिळून.”

“आणि नाही ओळखली तर?”

“मग मी जन्मभर काउंटरवर. तरी येशील?”

“सहाला दारात उभी असेन.”

पहाटे उठले. बिनवासाच्या साबणानं अंघोळ केली. केसांना तेल लावलं नाही, तोंडाला पावडर नाही, चहासुद्धा नाही. प्रार्थना पूर्ण केली. दादा घोरत होता. चपला हातात घेऊन मी कडी आवाज न करता सरकवली, आणि स्वच्छ नाकानं, रिकाम्या पोटी जिना उतरू लागले.